ताईनं विणलेलं टोपरं

प्रिय दाजी,

मी लोणावळ्यात आहे, लॉजवर गाद्या झटकतो. परवा बेडशाची लेणी बघून आलो, घराजवळ असून कधी गेलोच नव्हतो. पण ते असू द्या.

बाळ सातव्या महिन्यातच झालं तेव्हा तुम्ही देहूरोडला ड्युटीवर होता आणि ताई बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, तासभर काढेल. तुमच्या आईचा फोन आला, "आकाश, फादर येईस्तोवर उशीर व्हईल. अशा वेळी बाप्तिस्मा कुणीबी देऊ शकतं, बौद्ध असला तरी. डोक्यावर पानी ओत आन् मी सांगते ते म्हन."

"मावशी, मी दहावी नापास."

"देवाला मार्कशीट न्हाई लागत रं!"

मी शब्द नीट म्हटले, पाणीही ओतलं. पण बाळाच्या डोक्यात ताईनं विणलेलं टोपरं होतं आणि नर्स म्हणाली होती, "काढू नका, गारठेल." मी काढलं नाही. बाळ गेल्यावर काढलं, तर सगळं पाणी लोकरीत आणि डोकं कोरडं.

नंतर फादरनी विचारलं, "पाणी डोक्याला लागलं ना? त्याशिवाय संस्कार होत नाही." ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "व्हय."

ती आता सगळ्यांना सांगते, माझ्या भावानं बाळाला देवाकडे पोचवलं. म्हणून ही चिठ्ठी खिशातच राहणार.

पुरताना टोपरं मीच परत घातलं, दाजी. तेव्हाही ते ओलंच होतं.

तुमचा मेहुणा,
आकाश