गाफ्लाईच्या वरची वाट

माउरेन, ६ जून १९९४

ती. थिओडुलदादास,
धाकट्या बुर्गीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद. याला मध्येच तोडता येणार नाही.

तर ऐक. मला फ्युर्स्टेनश्टाइगच्या कड्यावरच्या वाटेने चालायचंय. हसून घे, मी थांबते.

ओस्वाल्ड जाऊन, मी विधवा होऊन दोन वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ते कडे दिसतात आणि रोज वाटतं, बासष्टीची झाले, या एवढ्याशा देशात जन्म काढला आणि त्याच्या सगळ्यात नावाजलेल्या वाटेवर पाय ठेवला नाही. उंचीची भीती वाटते, खरंय. पण आता भीतीपेक्षा खिडकीचा कंटाळा जास्त आलाय. तू चाळीस वर्षं त्या वाटांवर पांढऱ्या-तांबड्या खुणा रंगवतोस. तुझ्याइतका भरवशाचा सोबती कोण?

तुझी आग्नेस म्हणत होती, यंदा बाबा रंगाचा डबा घेऊन वर गेलेच नाहीत. गुडघा का? लेकीला नाही तर नाही, बहिणीला तरी कळव.

लोभ असू दे, जमल्यास टोमणे कमी कर.
बुर्गी

ट्रीझेनबर्ग, १२ जून

चि. बुर्गीस,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे अक्कल येण्यासाठी.

गुडघा ठणठणीत आहे. रंग वाळायला कोरडं ऊन लागतं, ते यंदा पडलेलं नाही. आग्नेसला सांग, बापाची चौकशी बापाकडे करावी.

आता तुझी हौस. तुम्हा खालच्या सपाटीवरच्या लोकांना खुर्चीवर चढून दिवा बदलताना गरगरतं. त्यात तू! लहानपणी चेरीच्या झाडावर चढून बसलीस, अर्ध्या गावाने खाली चादर धरली, तरी उतरेनास; शेवटी मी शिडी लावून पाठुंगळीला आणली. त्या वाटेवर एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला थेट ऱ्हाइनचं खोरं आणि धरायला पोलादी दोर. शिडी लावायला जागा नाही.

पण नाही म्हणावं तर तू गायनमंडळातल्या त्या हुबर्टला घेऊन जाशील, आणि तो वाटभर गाईल. डोंगराने काय पाप केलंय? तेव्हा ९ जुलैला सकाळी गाफ्लाईच्या बसथांब्यावर ये. फ्योनचा गरम सोसाट्याचा वारा सुटला तर बेत रद्द. बूट घोट्यावर येणारे घाल, नाचायचे नकोत.

तुझा सोसणारा भाऊ,
थिओडुल

ट्रीझेनबर्ग, १० जुलै

चि. बुर्गीस,
आशीर्वाद आणि शाबासकी.

काल येऊन आडवा झालो, म्हणून फोन उचलला नाही. त्याआधी वाटेत खानावळीत सगळ्यांनी विचारलं, एवढा उशीर का. मी सांगितलं, बहीण दर वळणावर देखावा बघत उभी राहायची आणि अवघड जागी सॅकला लोंबकळायची. राग मानू नकोस, पहिल्या वेळी होतं असं. तुझ्या नावाने चीज घातलेल्या क्न्योप्फ्लेच्या मऊ गोळ्यांची ताटली आली होती, सफरचंदाच्या गरासकट. मीच खाल्ली.

पुढच्या आठवड्यात रंग घेऊन एकटाच वर जाईन म्हणतो. आग्नेसला उगाच काही लिहू नकोस.

थिओडुल

माउरेन, १३ जुलै

ती. दादास,
शि. सा. न., आणि यावेळी विनंती खरोखरच विशेष.

सॅकला लोंबकळणं झालं, कबूल. पण कोण कुणाच्या सॅकला, दादा?

दुसऱ्या वळणानंतर तू गप्प झालास. तू आणि गप्प! वळून बघते तर दोर दोन्ही हातांनी कवटाळलेला, डोळे मिटलेले, चेहरा दह्यासारखा. म्हणालास, बुटाची नाडी सुटली. नाडी बांधायला डोळे मिटावे लागत नाहीत.

मीही गारठले होते. पण तुला तिथे सोडून घाबरत बसायला सवड नव्हती. म्हणून माझ्या सॅकचा पट्टा तुझ्या हातात दिला, माझ्या टाचांकडेच बघ म्हटलं आणि गायला लागले. मला सूर नाही, ठाऊक आहे. समोरून येणाऱ्या त्या जोडप्याने वाट दिली ती बहुधा त्यामुळेच.

खानावळीत हवं ते सांग. मला पोत्यात घालून आणलं म्हण. पण रंगाचा डबा घेऊन एकटा तू जाणार नाहीस. ओस्वाल्डसुद्धा छातीत जळजळतंय, एवढंच म्हणत होता. मी त्याला सोडा दिला. आता कुणी मला नाडी सुटली म्हणून सांगितलं, तर मी ऐकणार नाही.

आठवडाभरात डॉक्टरकडे जा. नाहीतर आग्नेसला लिहीन, आणि माझं अक्षर फार सुवाच्य आहे.

तुझीच, आणि म्हणूनच एवढी चिडलेली,
बुर्गी

ट्रीझेनबर्ग, २२ जुलै

चि. बुर्गीस,
आशीर्वाद देण्याच्या लायकीचा सध्या नाही, तरी घे.

मार्चपासून कूस बदलली की खोली फिरायची. वाटलं, वडिलांना अंथरुणाला खिळवलं तोच आजार आला. बोललो असतो तर कड्यावरच्या वाटा गेल्या असत्या, म्हणून तोंड मिटून बसलो. तुझं ते सोड्याचं वाक्य वाचलं आणि पहिल्या बसने फाडुत्सला गेलो.

डॉक्टरीणबाई आग्नेसच्या वयाची. म्हणाली, कानाच्या आतले बारीक कण जागचे हललेत. मला टेबलावर आडवं करून तिने कोबी उपटावा तशी मान इकडून तिकडे फिरवली. दोनदा जग उलटंपालटं झालं, तिसऱ्यांदा खोली थांबली. अशी थांबलेली खोली विसरलोच होतो गं. पण घेरी पुन्हा येऊ शकते म्हणे. तेव्हा कडे बंद. वाटांची निगा राखणाऱ्या मंडळात स्वतःच जाऊन सांगितलं. आता माझ्याकडे ऱ्हाइनच्या बांधावरची वाट आहे, जिथे चुकायचं तर गाईलासुद्धा प्रयत्न करावे लागतील. आग्नेसला सगळं सांगितलं; तासभर बोलणी खाल्ली.

खानावळीतही खरं सांगितलं. आधी हसले, मग म्हातारा फ्लोरिन हळूच म्हणाला की त्यालाही कधीकधी गरगरतं. त्याला डॉक्टरचा पत्ता दिला.

आणि एक. त्या कड्यावर मी तुझ्या पायांखेरीज काही पाहिलं नाही. बुटाच्या काठाशी तुझ्या डाव्या मोज्याला भोक आहे. त्यातून दिसणारा पाय लटलट कापत होता, आणि तरी पुढे पडत होता. ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

रविवारी बांधावर फिरायला येशील? पुढे तू, मागे मी. आणि मोजे बदलून ये.

तुझा,
दादा