दोरीवरचे लाल चिमटे

१२ तारीख, मंगळवार
दुपारची सुट्टी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी एकटीच, पण खुशाल. तू कशी आहेस? भावोजींची पाठ आता बरी आहे ना? फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुझा एक कोरडा 'हं' ऐकला की माझा आवाज चढतो, आणि माझा चढला की तुझा चढतो. कागदावर निदान एका वेळी एकीलाच बोलता येतं.

भावोजींची बदली झाली आणि रविवारी तुम्ही सामान हलवणार, हे बाबांकडून कळलं. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी नोकरीची बातमी.

मी ज्या लाँड्रीत कारकून आहे, तिथे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, झगे धुवायला येतात. माणसं मोजकीच. डाग काढणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले काका, कपडे पोचवणारा गाडीवाला आणि मालक. मला सगळे 'पदवीबाई' म्हणतात. आधी कौतुकाने म्हणतात असं वाटायचं.

इथे रोज कुरबुरी चालायच्या. म्हणून मी एक योजना काढली. दाराशी दोरी बांधली आणि खाली प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावली. सकाळी आल्या आल्या ज्याने त्याने आपल्या मनासारखा चिमटा लावायचा. हिरवा म्हणजे आनंद, पिवळा म्हणजे ठीकठाक, लाल म्हणजे राग. मनातलं बाहेर टांगलं की भांडणाला कारणच उरत नाही, असं मी मालकांना अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, "चिमटे आपल्याकडे पोत्याने आहेत. कर."

आठ दिवस दोरी हिरवीगार होती. गेल्या गुरुवारी मावशींनी लाल चिमटा लावला.

आदल्या दिवशी मी त्यांना डागांच्या चिठ्ठ्या जरा वाचता येतील अशा लिहा, असं सांगितलं होतं. नक्की तेच लागलं असणार. मी लगेच त्यांच्याकडे गेले.

"मावशी, माझ्यावर रागावलात?"

"नाही गं."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

"मग आवाज असा का येतोय?"

"आता येतोय तसा!"

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, माणसांना एकमेकांची काळजी घ्यायला शिकवायची हीच वेळ आहे. मी काकांच्या कानात सांगितलं, "आज मावशींना जरा सांभाळून घ्या. त्यांचं काहीतरी बिनसलंय."

काकांनी इस्त्री उभी केली. "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाव नाही घेतलं तुमचं," मी म्हणाले. ताई, याहून वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं.

काका तरातरा गेले आणि आपला हिरवा काढून लाल लावून आले. गाडीवाल्याने दोन लाल पाहिले आणि त्याला वाटलं, परवा उशीर झाला म्हणून दोघं मिळून आपल्यावर फुगलेत. त्याने लाल लावला आणि वर गाडीचं दार आपटलं. ते ऐकून मालक बाहेर आले. त्यांच्या नावाची चिठ्ठीच दोरीवर नव्हती. "मला या घरचा माणूस समजता की नाही?" म्हणत त्यांनीही एक लाल ठोकला. जेवायच्या वेळेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. गठ्ठे सगळे रागारागात बांधले गेले.

परिणाम संध्याकाळी कळला. हॉटेलच्या पाहुण्यांना आंघोळीनंतर घालायला पाठीवर नाड्या असलेले दवाखान्याचे अंगरखे गेले. हॉटेलचे मऊ झगे दवाखान्यात गेले, आणि तिथले एक आजोबा झगा घातल्यापासून घरी जायला तयार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना गोळा केलं आणि बोलले. "आपल्या मनात जे खुपत असतं, ते आपण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचतो. आपण तसं वाचलं की त्याचा चेहरा खरंच तसा होतो. मग तिसऱ्याचा, मग चौथ्याचा." चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. मग मावशींकडे वळले. "मावशी, मोकळेपणाने सांगा. काल लाल का लावलात?"

"हिरव्याची स्प्रिंग ढिली होती."

"पण लाल म्हणजे राग, हे ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं गं. पण न धरणारा चिमटा मी दोरीला लावू? तीस वर्षं झाली मला इथे!"

आधी गाडीवाला हसला, मग काका, मग मालक. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले सगळे. मला मात्र हसू येईना. मावशींच्या ते लक्षात आलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुझा चिमटा कधी दिसला नाही गं दोरीवर."

"मी नोंद ठेवते, मावशी."

"माझ्या मनात नसलेला राग तुला दिसला. मग तो होता कोणाचा? घरी कोणाशी अबोला आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग आवाज असा का येतोय?"

ताई, चार दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही.

पदवी घेऊन मी घरी आले त्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, "झालं बाई एकदाचं." आणि मी सगळ्यांसमोर, भावोजींसमोर, म्हणाले, "तुला माझं बघवत नाही." तू चपला घातल्यास आणि निघून गेलीस. त्याला चार महिने झाले. ताई माझ्यावर जळते, असं मी मैत्रिणींना सांगत फिरले.

आता खरं लिहिते. त्याच्या पाचच मिनिटं आधी बाबांनी पदवीचा कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हा कुठे टांगू गं?" ते तुला विचारलं. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, आणि खिळा कुठे ठोकायचा ते तू सांगणार! मला वाटलं होतं, पदवी मिळाली की बाबा आता मला विचारतील. तू कपाटाशेजारची भिंत दाखवलीस. आणि ती बरोबर होती, तिथे ऊन येत नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

बघवत नव्हतं ते मला, ताई. ते मी तुझ्या चेहऱ्यावर वाचलं. परीक्षेच्या प्रत्येक पहाटे मला हलवून उठवणारी तू. 'झालं एकदाचं' म्हणायचा हक्क माझ्याआधी तुझा होता.

शनिवारी सकाळच्या बसने येते आहे. काचेची भांडी मला बांधू दे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, कुठलं कोणत्या खोक्यात जातं ते नुसतं बोटाने दाखव. रागावलेली असलीस तर रागाव. मी 'नक्की?' असं विचारणार नाही.

खाली 'तुझी लाडकी' असं लिहायला घेतलं होतं. ते शनिवारी तूच ठरव. तोवर नुसतीच,

तुझी धाकटी