पावणेपाच, भारतमाताचा सिग्नल

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.
फॉर्म भरला. मार्चमधली शर्यत. दोन किलोमीटर पोहणं, नव्वद सायकल, एकवीस पळणं, एकामागून एक. वय बावन्न असताना हे करायला छाती लागते. ऋताला सांगितलं. ती म्हणाली, आधी माळ्यावरची बॅग काढून दे, दिवाळीपासून सांगतेय. बायकोचं प्रोत्साहन हे असं.

कॉनरॅडचाही फॉर्म मीच भरला. शाळेपासूनचा मित्र. जूनमध्ये त्याची बायको फ्लोरी गेली, तेव्हापासून गिरगावच्या घरात खिडकीशी बसून असतो. त्याला म्हटलं, दर रविवारी मी तुझ्यासोबत. शब्द दिला. त्याने मान हलवली. बुडत्याला ओढायला कोणीतरी लागतं. मी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार.
कॉनरॅडची भाची ट्रेसी हिने अशा तीन शर्यती केल्यात. तिने प्लॅन पाठवला. रविवारी लांब सायकल, दोन तासांपासून सुरुवात, हळूहळू चार तासांपर्यंत. पहिला तास गप्पा मारता येतील इतका आरामात. मग वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे शर्यतीच्या वेगाने. दर अर्ध्या तासाला खायचं. सायकलवरून उतरलं की दहा मिनिटांच्या आत पळायला लागायचं, पाय लाकडासारखे असले तरी. बुधवारी लांब पळणं. तीन आठवडे वाढवायचं, चौथा हलका.

ठीक आहे. पण पोरगी अठ्ठावीसची, तिला पन्नाशीतलं शरीर काय कळणार? मी चौथ्या आठवड्यापासून सुरुवात करतोय. दर अर्ध्या तासाला खाणं मात्र आजपासून.

९ नोव्हेंबर, रविवार. ७.४०.
कॉनरॅड ठरल्याप्रमाणे पावणेपाचला लालबागला, भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला येऊन उभा. मी सव्वापाचला फोन उचलला. हवा खराब आहे, फुप्फुसं एकदाच मिळतात, असं सांगितलं. तो एकटाच चेंबूरला जाऊन आला. विचारलं, हवा कशी होती? म्हणाला, "दिसली नाही रे, काळोख होता." विनोद करायला लागलाय. माझ्यामुळेच.

१६ नोव्हेंबर, रविवार.
गेलो!
सोसायटीचे सेक्रेटरी गंगाधरराव लिफ्टमध्ये सायकल नेऊ देत नाहीत. एकोणीस मजले खांद्यावरून उतरवली. करी रोडला टॉवर बांधले, मनं चाळीतलीच.
पहिला तास आरामात, हे मला पटत नाही. हळू चालवून माणूस हळूच होतो. लालबागपासूनच सुटलो, दादरला कॉनरॅड मागे दिसेनासा झाला. मानखुर्दला पाय संपले. तो आला, थांबला, स्वतःजवळचं केळं दिलं, विचारलं सोबत परत येऊ का. म्हटलं, तू जा, मी स्ट्रॅटेजी बदलतोय. मिसळ खाल्ली. टेम्पो केला.
सायकलवर १४ किलोमीटर, टेम्पोत १४. अंतर-वेग मोजणारं ॲप बंद करायचं राहिलं, ते ट्रेसीलाही दिसतं. तिचा मेसेज आला: अंकल, परतीचा स्पीड सॉलिड! खोडून काढलं नाही. मुलांचा उत्साह मोडू नये.
पळणं: टेम्पोपासून लिफ्टपर्यंत. दहा मिनिटांच्या आत.

३ डिसेंबर, बुधवार.
लांब पळण्याचा दिवस. कॉनरॅड मरीन ड्राइव्हला चौदा किलोमीटर पळाला. मी गुडघ्याला विश्रांती दिली. कोणता गुडघा, असं ऋताने विचारलं. हा काय प्रश्न झाला?

२१ डिसेंबर, रविवार.
आजचा धरून चार रविवार: मावसभावाच्या मुलीचं लग्न, सर्दी, ब्रेक लागत नव्हते, आज गजर वाजला नाही. चारही कारणं खरी. गजराचं तर अगदीच खरं.
कॉनरॅडला फोन केला. एरवी कमी बोलतो, आज बोलला. साडेतीनलाच जाग येते म्हणे. बाजूची गादी रिकामी दिसते, मग पडवत नाही. रविवारी निदान कपडे घालून कुठेतरी जायचं असतं. आज साडेसहापर्यंत सिग्नलला थांबला होता.
साडेतीनला उठायला मिळणं हा त्याचा ॲडव्हान्टेज आहे. व्हीआरएस घेतलेला माणूस. मला ऑफिस आहे.

४ जानेवारी, रविवार.
नवीन वर्ष, नवीन टाइमटेबल. चार रंगांत. पुढच्या रविवारी प्लॅनमधला सगळ्यात मोठा दिवस, चार तास सायकल आणि लगेच चाळीस मिनिटं पळणं. कॉनरॅडने स्वतः फोन करून सांगितलं, त्या दिवशी तरी ये. फ्लोरीचा वाढदिवस असतो. म्हटलं, मेलो तरी येईन.

११ जानेवारी, रविवार. ९.३०.
गजर वाजला. उठून बसलोही होतो. पांघरुणाबाहेर गार होतं. मेसेज टाकला: ताप वाटतोय, तू हो पुढे.
ऋता सहाला लालबागला मासळी आणायला गेली. कॉनरॅड अजून सिग्नलला उभा. हँडलला दोन डबे बांधलेले, एक माझा. उकडलेले बटाटे, मीठ लावून. त्याने विचारलं, ताप किती आहे. ती म्हणाली, ताप कसला, घोरतोय.
घरचाच माणूस असा! हो म्हणायला काय जात होतं?
तिने माझा डबा टेबलावर ठेवला आणि कोळंबी सोलायला बसली.
बटाटे चांगले होते.

१४ जानेवारी, बुधवार.
संध्याकाळी कॉनरॅड घरी आला. उन्हाने रापलाय, पोट गेलंय. रविवारचं सगळं पूर्ण केलं त्याने. एकट्याने. ऋताने तिळगूळ दिला, तो खाल्ला, चहा घेतला. मग म्हणाला, "उन्मेष, फ्लोरी गेल्यावर तू मला घराबाहेर काढलंस. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण रविवारी आता तू येऊ नको. तू येतोस की नाही बघत उभं राहणं, ते मला सायकलपेक्षा जड जातं."
मी हसलो. म्हटलं, मीही तेच सुचवणार होतो, आपला पेस वेगळा आहे. तो "बरं" म्हणाला. लिफ्टपाशी माझ्या खांद्यावर थोपटलं.
चिडला असता तर चाललं असतं. मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

१८ जानेवारी, रविवार. ४.२५.
गजर लावला नव्हता, तरी जाग आली. गुडघे बरे आहेत. सर्दी नाही. ब्रेक मागेच दुरुस्त केलेत. हवाही बरी असावी.
सवयीने फोन घेतला. "आज जरा" इथपर्यंत टाइप केलं. मग कळलं की हे कोणाला पाठवायचं नाही. कोणी वाट बघत नाहीये.
५.१०. ऋता उठली. दारात उभं राहून विचारलं, चहा टाकू का, की जाणार आहेस?
म्हटलं, टाक.