हीटरशेजारचे पिंजरे

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. सत्काराचा व्हिडिओ वहिनीने पाठवला. पोट आत ओढून छान उभा होतास. एकदा झालेला प्रयोग पुन्हा पुन्हा करत बसणं हे डोकं नसलेल्यांचं काम, असं तू म्हणालास आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यात नवं काही वाटलं नाही. तुझ्याच प्रयोगशाळेत मदतनीस असताना मी एक मोजमाप दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हाच तू माझं नाव 'झेरॉक्स' ठेवलंस. घरी जेवताना आईलाही सांगितलंस, आणि तीही हसली.

तर झेरॉक्सने काय केलं ते ऐक. तू वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये गेलास, मी अजून त्याच खोलीत उंदरांचे पिंजरे धुते. गेल्या वर्षी मी तुझ्या मलमाचा प्रयोग पुन्हा केला. तुझ्या वहीत आहे तसाच: वीस उंदीर, पाठीवर छोटी जखम, दहांना मलम, दहांना काही नाही. मलमवाले नऊ दिवसांत बरे झाले. तुझा अभिमान वाटला, खरंच सांगते. काय करणार, मूर्खपणा आपल्या घराण्यातच आहे.

मग भिंत रंगवायला माणसं आली. पिंजरे हलवावे लागले आणि परत लावताना जागांची अदलाबदल झाली. तशातच पुढची खेप केली. या वेळी मलम न लावलेले उंदीर आधी बरे झाले. माझा विश्वास बसेना, म्हणून आणखी तीनदा केलं. दरवेळी तेच. जे हीटरशेजारी, ते बरे. जे दाराजवळ गारठ्यात, ते मागे. तुझ्या मलमाचं कर्तृत्व शून्य. एका हीटरच्या जिवावर तू पेपर छापलास, बढती घेतलीस, आणि आता देशोदेशी शहाणपण वाटत हिंडतोस.

पिंजरे मुळात मीच लावले होते, हेही लिहून टाकते. मलम रोज लावायचं, म्हणून ते दहा हाताशी ठेवले, हीटरपाशी. बाकीचे दिले ढकलून दाराकडे. चूक माझीच. पण तेव्हा मी म्हणाले होते, दादा, एकदा जागा बदलून करू या. तू वर न पाहता म्हणालास, "एकदा आलंय ना उत्तर? मग झालं." संस्थेला मी सगळे आकडे पाठवलेत, माझ्या चुकीसकट. त्यासाठी तुझी परवानगी नको होती.

हे पत्र मात्र आईसाठी आहे. तिच्या पायाची जखम चिघळली आहे. डॉक्टरांनी बजावलंय, औषधात खंड पडला तर अंगठा काढावा लागेल. आणि परवापासून तिने त्यांचं औषध बंद करून तुझं मलम लावायला घेतलंय. मी डबी लपवली, तर म्हणाली, "तुला त्याचं चांगलं बघवत नाही." माझ्या पाच खेपा तिच्या लेखी कचरा आहेत. ती ऐकेल ते फक्त तुझं. आजच्या आज फोन कर आणि म्हण, आई, माझं चुकलं, ते मलम लावू नकोस. घाबरू नकोस, एकदा म्हटलंस तरी पुरे. पुन्हा पुन्हा म्हणायला मी आहेच.

तुझीच,
झेरॉक्स