अर्धे कापलेले केस

सोमवार, ४ मार्च

पळाले. गिऱ्हाइकाला खुर्चीत तसंच सोडून पळाले! बाईंचे केस एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यावर — आणि मी सलूनच्या मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्याशेजारी उकिडवी. छातीत धडधड, बोटांना मुंग्या. वाटलं, संपलं, आता मरते. मेले नाही. मेले असते तर निदान सांगायला कारण तरी असतं.

उरलेले केस सलूनच्या मालकीण मॅडमनी कापले. मग मला, "पित्त झालं का गं?" मी लगेच हो म्हटलं.

मंगळवार, ५ मार्च

कामावर गेले नाही. आईला सांगितलं, सुट्टी आहे.

गुरुवार, ७ मार्च

आज सलूनमधून फोन आला आणि बोळातलं आईला कळलंच. बाबा हातातलं काम टाकून डॉक्टरकडे घेऊन गेले. छातीला वायरी लावल्या, कागद निघाला. "हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. बाबांचा चेहरा खुलला, माझा पडला. काहीतरी निघायला हवं होतं — छोटंसं का होईना! याला पॅनिक अटॅक म्हणतात म्हणे. तरुण वयात पुष्कळांना येतो. समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलंय.

परत येताना बाबा म्हणाले, "मन घट्ट कर जरा. तुझ्या वयात मी घर चालवत होतो."

खरंय. मला कात्री चालवता येईना, घर कसलं चालवते!

रविवार, १० मार्च

ताई आली होती. "अर्धं डोकं भादरून पळालीस?" पोट धरधरून हसली. सगळे हसले. मीही हसले. मग न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

बुधवार, १३ मार्च

समुपदेशक बाई चांगल्या आहेत. उगाच कीव करत नाहीत.

"पळालात की बरं वाटतं ना?"

"हो."

"म्हणूनच अटॅक पुन्हा येतो. पळायचं नाही आणि त्याच्याशी भांडायचंही नाही. चढेल तसा उतरेल. पाय जमिनीला टेकलेत तिकडे लक्ष द्या. श्वास घेता त्याहून सावकाश सोडा."

"आणि लोक बघत असले तर?"

"बघू देत."

बघू देत! त्यांचं काय जातंय म्हणायला!

शनिवार, १६ मार्च

मॅडमना खरं सांगून टाकलं. मान वर करवत नव्हती. त्या म्हणाल्या, "कात्री हातात असताना अटॅक आला तर? कुणाचा कान गेला म्हणजे?" रागावून नाही, काळजीनंच. पण मला केस धुवायला लावलंय. नव्या शिकाऊ मुलींचं काम. त्याच मुली आता माझ्याकडे चोरून बघतात, मी वळले की टॉवेलच्या घड्या घालायला लागतात.

मंगळवार, १९ मार्च

आला! बेसिनपाशीच, एका आजींचं डोकं फेसात असताना. दाराकडे पाय वळलेच होते. नळ बंद केला, बेसिनची कड धरली, श्वास सोडत उभी राहिले.

आजींनी डोळे मिटूनच विचारलं, "काय गं, झोपलीस की काय?"

"पाणी गरम होतंय, आजी."

धादांत खोटं. पण उभी राहिले. चढला आणि उतरला. कुर्ता घामानं पाठीला चिकटला होता. जरा अभिमान वाटला, मग स्वतःचीच लाज. नुसतं उभं राहिल्याबद्दल शाबासकी द्यायची का आता स्वतःला?

शुक्रवार, २२ मार्च

आज काही नाही. भीती वाटत राहिली, एवढंच.

शनिवार, ३० मार्च

डोकं धुवायला एक धिप्पाड तरुण आला. मान मागे टेकवली आणि एकदम ताठ झाला. ओठ पांढरे, दोन्ही हातांनी गळ्याभोवतीचं कापड ओरबाडायला लागला. मी ओळखलं. गाठ सोडली, स्टूल ओढून शेजारी बसले. "श्वास सोडा. सावकाश. मी आहे इथे." बराच वेळ लागला. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

"सॉरी हं," खाली बघत तो म्हणाला.

"कशाबद्दल?" मी विचारलं — आणि मला खरंच कळेना, कशाबद्दल.