घराची आणि ह्यांची व्यवस्था

मी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून ती छापणारी बाई. शरीर थकलं असलं तरी डोकं शाबूत आहे. हे मी नव्हे, डॉक्टर म्हणतात. म्हणून त्यांनाच साक्षीला बसवलं आहे. हे दुखणं आता हटणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा कुणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. हे राहतं घर मला मावशीकडून बक्षीसपत्राने मिळालं. त्यावर सासरच्या कुणाचाही हक्क पोचत नाही. हे वाक्य वकिलांकडून मुद्दाम ठळक करून घेतलं आहे.

आमची एकुलती एक मुलगी तापाने गेली. आमचे हे कुंभारकाम करत. त्यांनी चाकाला हात लावायचं सोडलं, बोलायचंही सोडलं. महिना उलटायच्या आत धाकटे भावजी मोजपट्टी घेऊन आले. "वहिनी, एवढ्या घरात आता दोघं काय करणार? गिऱ्हाईक तयार आहे." ते तळमजला मोजत होते तेव्हाच मी दाराबाहेर पाटी लावली : कलावंतांना राहायला आणि कामाला जागा मिळेल.

पहिली आली ती बाहुलीवाली. हे तिच्याकडे बघतही नसत. एकदा अंगणात ती बाहुल्यांच्या डोक्यांसाठी माती मळत बसली होती. ह्यांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना राहवेना. खाली येऊन म्हणाले, "अगं, माती अशी मळतात का? सरक बाजूला." मी जिन्यातच बसून रडले.

तेव्हापासून या घरात कलावंत येतात, काम करतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात, भांडतात आणि जातात. बाहुलीवाली राहिली ती राहिलीच. आता तिचेही केस पिकले.

२. म्हणून हे घर मी इथे राहणाऱ्या कलावंतांच्या मंडळाला देते. कारभार बाहुलीवालीने पाहावा. घर विकू नये. मात्र माझ्या पतींना मागच्या अंगणालगतच्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क राहील.

३. वरच्या खोलीतलं छपाईचं यंत्र जागचं हलवू नये, जमीन खचेल. माझे कोरलेले पत्रे माझ्यामागे छापू नयेत. नव्या मुलांनी ते उलटे करून मागची बाजू वापरावी. तांबं महाग आहे आणि मी काही एवढी थोर नव्हे.

४. ज्या चित्रकाराने माझी चांगली कात्री नेली, त्याला ती माफ. धार तरी लावून घे, बाबा.

५. भावजी त्या दिवशी पाटी पाहून रागारागाने गेले आणि मोजपट्टी इथेच विसरले. ती त्यांना द्यावी. आणखी काही नाही.

६. आता ह्यांच्याबद्दल.

ह्यांना काही आठवत नाही. मला ओळखतात, बाकीच्यांची रोज नव्याने ओळख करून द्यावी लागते. हल्ली इथे राहणारी गाणारी पोर जिन्यावरून उतरली की तिला आमच्या मुलीच्या नावाने हाक मारतात. ती 'ओ' देते. तिला कुणी शिकवलं नाही. तिला माझी गरम शाल द्यावी.

ह्यांना चहा कोमट लागतो. हातात माती असली की जेवतात, नाहीतर ताट सरकवतात. नखांतली माती काढायला कुणी घाई करू नये.

मी गेल्यावर हे विचारतील, "ही कुठे आहे?" बाहुलीवाली परवा म्हणाली, "ताई, बाजारात गेलीय म्हणून सांगू. कशाला त्यांना त्रास?" मी नको म्हणाले. पहिल्यांदा विचारतील तेव्हा खरं सांगायचं. शेजारी बसून, हात धरून सांगायचं, की ती गेली. रडतील. रडू द्यावं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी एकदा तरी रडावं, एवढा माझा हक्क आहे.

दुसऱ्यांदा विचारलं, तर मात्र सांगावं : वर आहे, कामात आहे.

स्थळ : याच घरातली छपाईची खोली.
दिनांक : सहीखाली माझ्या हाताने घातला आहे.

(सही) लिहून ठेवणारी

आमच्या समक्ष बाईंनी वाचून सही केली :
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) शेजारचे पुस्तकबांधणीवाले