कायदेवालीची आजी

औराद, ता. ४ ऑगस्ट १९८६

चि. कलावतीस राजूआजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. सरकारी नोकरांची कॅन्सरची तपासणी करायची, त्या दुखण्याला किती खर्च येतो त्याचा अभ्यास करायचा, असा कायदा बेंगळुरात पास झाला आणि तो लिहून काढणाऱ्यांत माझी नात! गल्लीभर सांगून आले. शेजारची भागाबाई म्हणाली, मघाशीच ऐकलं की. म्हटलं, अजून ऐक. म्हैस व्यालीय, तुझ्या वाटणीचा खरवस मीच खाल्ला.

आता घरचं. तुझा अप्पा हेडमास्तर, आवाज शाळाभर जायचा. आता भाकरी दुधात कुस्करून खायलाय. तोंडात काहीतरी झालंय. तंबाखू सुटत न्हाई. दवाखान्यात कामून जात न्हाईस विचारलं, तर म्हणतो, काही निघालं तर साहेब अनफिट करून घरी बसवतील. लेक कायदा करायली आणि बाप तोंड मिटून बसलाय. काय करू?

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी राजूआजी

बेंगळूर, ता. १३ ऑगस्ट १९८६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अप्पांना तब्येतीचं लिहिलं, की ते उलट माझीच तब्येत विचारतात. त्यांना सांग, तपासणीत काय निघालं ते ज्याचं त्यालाच कळेल, साहेबाला नाही. आणि आजारापायी नोकरी जाणार नाही. हे कलम मी भांडून घालायला लावलं. पुढच्या महिन्यात पहिली तपासणी आपल्याच तालुक्यात आहे. पण सक्ती नाही, आजी. तोंड ज्याचं त्यानंच उघडायचं. आणि तू मिश्री लावतेसच ना अजून? तीही तंबाखूच.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
कला

औराद, ता. २८ सप्टेंबर १९८६

चि. कलावतीस आजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तपासणी झाली. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडली. मास्तर, कारकून सगळे जमले, पण खुर्चीवर कुणी बसंना. काशप्पा तलाठी म्हणतो, आधी हेडमास्तर. तुझा अप्पा म्हणतो, आधी तुम्ही. लग्नाच्या पंगतीत इतका आग्रह न्हाई बघ. मी अप्पाचा डबा घेऊन गेलते. पदर खोचला आणि बसले खुर्चीवर. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, हे सरकारी नोकरांसाठी हाय. म्हटलं, मी कायदेवालीची आजी हाय, आणि आ केला. मिश्रीनं काळे झालेले दात सगळ्या तालुक्यानं बघितले. लाज वाटली, व्हय. पण सगळे हसले, आणि हसता हसता तुझा अप्पा माझ्यामागं येऊन उभा राहिला.

त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासायला नेला. आठवडाभर मी रोज टपालवाल्याला दारातच गाठलं. काल पाकीट आलं, अप्पाच्या नावचं, साहेबाच्या न्हाई. कॅन्सर न्हाई, कले! तंबाखू चालू ठेवली तर मात्र होईल, असं लिहिलंय. साहेबाला कळू नये म्हणून घाबरणारा तुझा अप्पा आज तेच पाकीट घेऊन साहेबाकडं गेला, माझ्या लेकीचं कलम बघा म्हणून.

तंबाखूची पिशवी त्यानं चुलीत टाकली. मग मला कसं सुटतंय? माझी मिश्री पण त्यातच ओतली. तुमच्या अभ्यासात खर्च मांडायचा असतो ना, आमच्या घरचा मांड: एक मिश्रीची डबी. पितळी हाय, टाकली न्हाई. घासून त्यात कुंकू भरलंय, तू आलीस की तुला देते.

वाट बघायली, उशीर लावू नको.
तुझी राजूआजी